डोक्याची जखम भरली, तरी नोकरी का सुटते?

कामाच्या ठिकाणी अपघात झाला की त्याची बातमी बहुधा एका ठरावीक वाक्यावर संपते: जखमी कामगाराच्या जिवाचा धोका टळला असून त्याची प्रकृती स्थिर आहे. हे वाक्य खोटे नसते. मात्र इजा डोक्याला झालेली असेल, तर सहा-आठ महिन्यांनी किंवा वर्षभराने तोच कामगार नोकरीबाहेर पडलेला आढळण्याची शक्यता बरीच असते, आणि तो का बाहेर पडला हे त्याला, त्याच्या घरच्यांना किंवा सहकाऱ्यांना नीट सांगता येत नाही. हातपाय चालत असतात, बोलणे स्पष्ट असते, टाके कधीच निघालेले असतात. भेटणारा प्रत्येक जण ‘आता अगदी पहिल्यासारखा दिसतोस’ असे म्हणत असतो. तरीही कामात चुका होतात, वरिष्ठांशी खटके उडतात, रजा वाढत जातात आणि एक दिवस राजीनामा दिला जातो किंवा घेतला जातो.

अशा वेळी डॉक्टरांना सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘कामावर परत कधी जाता येईल?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. मेंदूला इजा झालेली व्यक्ती कामावर परत जाते की नाही, यापेक्षा ती तिथे टिकते की नाही हे अधिक महत्त्वाचे असते; आणि टिकणे हे जितके इजेवर, तितकेच कामाची रचना कशी आहे यावर अवलंबून असते. या लेखात ही दुसरी बाजू समजून घ्यायची आहे. त्यासाठी सुरुवात मात्र कवटीच्या आतूनच करावी लागेल.

कवटीच्या आत काय घडते?

कामावर डोक्याला इजा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पडणे. शिडीवरून, परांचीवरून, किंवा ओल्या फरशीवर पाय घसरून. त्याखालोखाल वरून वस्तू डोक्यावर पडणे, वाहनांचे अपघात, यंत्राचा फटका आणि काही व्यवसायांत होणारी मारहाण ही कारणे येतात. कारण कोणतेही असो, बाहेरच्या जोरदार धक्क्याने मेंदूच्या कामात बिघाड झाला की त्याला मेंदूची आघातजन्य इजा म्हणतात. यापुढे आपण तिला नुसते ‘मेंदूची इजा’ म्हणू.

मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. तो मऊ असतो आणि कवटीत एका द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने हलून अचानक थांबले, तर कवटी थांबते पण मेंदू क्षणभर पुढे जातच राहतो, आतल्या हाडावर आदळतो आणि कधी उलट दिशेने दुसऱ्या बाजूवरही आपटतो. कवटीचा तळ गुळगुळीत नसतो. कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदूचा भाग ज्या हाडांवर टेकलेला असतो, तिथे कंगोरे असतात. त्यामुळे मार डोक्याच्या मागच्या बाजूला लागला तरी इजा अनेकदा पुढच्या भागाला होते. कामाचे नियोजन करणे, प्राधान्य ठरवणे, मोह किंवा राग आवरणे, चूक लक्षात येताच मार्ग बदलणे या क्षमता प्रामुख्याने याच पुढच्या भागावर अवलंबून असतात. नोकरीसाठी ज्याची सर्वाधिक गरज, तोच भाग नेमका सर्वांत धोक्याच्या जागी बसलेला आहे.

दुसरी इजा अधिक सूक्ष्म असते. मेंदूतील एका पेशीपासून दुसरीकडे संदेश नेणारे तंतू लांब आणि अतिशय बारीक असतात. डोक्याला पीळ बसेल असा झटका बसला, की हे तंतू ताणले जातात. ते सगळेच तिथल्या तिथे तुटतात असे नाही. ताणलेल्या तंतूंमधली रासायनिक घडी विस्कटते आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत ते निकामी होत जातात. अपघातानंतर नेहमी काढला जाणारा सीटी स्कॅन रक्तस्राव, सूज आणि हाडाची मोड चांगली दाखवतो, पण तंतूंची ही विखुरलेली इजा त्यात सहसा दिसत नाही. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया लागणार नाही, एवढे नक्की कळते. मेंदू जसा होता तसाच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिल्या दिवशीचे गुण आणि त्यापुढचे वर्ष

ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये एक साधी मोजपट्टी मांडली. रुग्ण डोळे कधी उघडतो, कसे बोलतो आणि सांगितल्यावर हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी गुण असतील तर इजा तीव्र, ९ ते १२ असतील तर मध्यम आणि १३ ते १५ असतील तर सौम्य मानली जाते. कन्कशन म्हणून जी ओळखली जाते ती या शेवटच्या गटातली, आणि मेंदूच्या इजांपैकी फार मोठा हिस्सा याच गटात मोडतो.

ही मोजपट्टी जगभर वापरली जाते आणि तिने असंख्य जीव वाचवायला मदत केली आहे. मात्र ती ज्या कामासाठी बनली ते काम म्हणजे पहिल्या तासांत रुग्ण किती शुद्धीवर आहे हे ठरवणे. विमा कंपनी, मालक आणि कधी कधी न्यायाधिकरणही तिच्याकडून भलतेच काम करून घेतात: पहिल्या दिवशी १५ पैकी १५ गुण होते, म्हणजे वर्षभराने काम करायला काहीच अडचण नसावी, असा निष्कर्ष काढला जातो. कागदपत्रांत ‘सौम्य’ असे लिहिलेल्या बहुतेक व्यक्ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खरोखरच बऱ्या होतात. पण एक लक्षणीय गट तसा बरा होत नाही, आणि तो गट कोणता हे पहिल्या दिवशीचे गुण सांगू शकत नाहीत.

कामात नेमके काय बिघडते?

मुख्य रस्ता बंद झाला म्हणजे वाहतूक आसपासच्या गल्ल्यांतून वळवली जाते. पहाटे, गर्दी नसताना, माणूस जवळपास नेहमीच्या वेळेत पोहोचतो आणि रस्ता बंद असल्याची त्याला फारशी जाणीवही होत नाही. सकाळी दहाच्या सुमारास मात्र त्याच गल्ल्या तुंबतात. इजा झालेल्या मेंदूत काहीसे असेच घडते. तुटलेल्या तंतूंचे काम शिल्लक मार्गांनी होत राहते, परंतु त्याला वेळ अधिक लागतो, शक्ती अधिक खर्च होते आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टी आल्या की सगळेच अडते.

म्हणूनच अशी व्यक्ती शांत खोलीत एकच काम उत्तम करते आणि त्याच कामात, शेजारी फोन वाजत असताना व कोणी मध्येच काही विचारत असताना, चुकते. तिचे ज्ञान कमी झालेले नसते. वीस वर्षे यंत्र चालवणाऱ्याला यंत्र आठवते, हिशेबनिसाला हिशेब येतो. कमी झालेली असते ती वेगाची आणि एकाच वेळी अनेक धागे हातात धरण्याची क्षमता. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही, कारण ‘हे काम तर त्याला येते’ हेच त्याला दिसत असते.

या सगळ्यात कामगार स्वतः सर्वांत जास्त तक्रार करतात ती थकव्याची. हा थकवा शारीरिक श्रमानंतरचा नव्हे. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असूनही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा वापरतो, आणि इजेनंतर तेच काम करायला त्याला अधिक प्रयत्न करावा लागतो. सकाळचे दोन तास चांगले जातात, दुपारी विचार गढूळ होतात आणि संध्याकाळी घरी पोहोचल्यावर बोलण्याचीही ताकद उरत नाही. पहिल्या आठवड्यात वरिष्ठांना सकाळचा माणूस दिसतो आणि ते पूर्ण काम सोपवतात. त्यानंतर साचत गेलेला थकवा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चुकांच्या रूपाने बाहेर येतो.

थकव्याहून अवघड जागा म्हणजे ज्याला कार्यकारी क्षमता म्हणतात ती: काय आधी करायचे, कधी थांबायचे, योजना फसली तर दुसरी कोणती, हे ठरवण्याची शक्ती. ती दुखावली की माणूस सांगितलेले काम करतो पण न सांगितलेले सुरू करत नाही. सहकाऱ्यांना तो आळशी वाटू लागतो. दुसऱ्या टोकाला, मनात आले ते तोंडावाटे निघून जाते, विनोद अवेळी होतात, क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो. नोकऱ्या कौशल्याच्या अभावी जितक्या जातात, त्याहून कदाचित अधिक अशा खटक्यांमुळे जातात, असे या क्षेत्रात काम करणारे अनेक जण सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. पाच मिनिटे उशीर झालेले काम माफ होते. सर्वांसमोर झालेला अपमान माफ होत नाही.

यावर कडी म्हणजे, आपल्यात काही बदल झाला आहे याची जाणीव निर्माण करणारी यंत्रणाही मेंदूतच असते आणि तीही दुखावू शकते. मग चूक दाखवून दिली तरी त्या व्यक्तीला ती मनापासून पटत नाही. हा हट्ट किंवा अहंकार नसून इजेचाच भाग असतो. न्यूयॉर्कमध्ये येहुदा बेन-यिशाय यांच्यासारख्या तज्ज्ञांनी पुनर्वसनाची जी पद्धत घडवली, तिच्यात रुग्णाला स्वतःच्या मर्यादा हळूहळू उमगू देणे हे कामाचे केंद्रच मानले गेले, ते याच कारणाने.

कमी चर्चिल्या जाणाऱ्या गोष्टीही आहेत. डोक्याला मार लागल्यावर वासाची संवेदना जाणे नवलाचे नाही, आणि स्वयंपाकी, रसायनांच्या कारखान्यातला कामगार किंवा वायुगळती तपासणारा माणूस यांच्यासाठी ती उपजीविकेची बाब आहे. चक्कर आणि तोल जाणे उंचावर काम करणाऱ्याला परत उंचावर जाऊ देत नाही. झगझगीत प्रकाश आणि गोंगाट असह्य होऊ शकतो. झोप बिघडते. अमेरिकेतील सिएटलमध्ये मेंदूच्या इजेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षभरात निम्म्याहून थोड्या अधिक जणांत नैराश्याच्या आजाराचे निकष पूर्ण होताना आढळले. नैराश्यावर उपचार आहेत. मात्र ‘एवढा मोठा अपघात झाला, मन खचणारच’ असे म्हणून ते अनेकदा तसेच सोडून दिले जाते.

१८४८ मधला एक फोरमन

मेंदूशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण फिनियस गेज याची कथा सहसा ‘मेंदूच्या पुढच्या भागात व्यक्तिमत्त्व वसते’ हे दाखवण्यासाठी सांगितली जाते. ती मुळात कामावरच्या अपघाताची आणि त्यानंतरच्या नोकऱ्यांची कथा आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

गेज हा अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या तुकडीचा फोरमन होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, खडकातल्या भोकात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे ६ किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाच्या हाडाखालून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. काही मिनिटांतच तो बोलत होता. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे १८६८ मध्ये लिहून ठेवले, की अपघाताआधी ज्या कंत्राटदारांना तो आपला सर्वांत कार्यक्षम फोरमन वाटत असे, त्यांनाच त्याच्या मनातला बदल इतका ठळक वाटला, की त्याची जागा ते त्याला परत देऊ शकले नाहीत. फोरमनचे काम कोणते, हे इथे ध्यानात घ्यावे: माणसे हाताळणे, क्रम ठरवणे, अडचण येताच निर्णय बदलणे. नेमके हेच त्याला जमेनासे झाले होते.

एवढे सांगून कथा बहुतेक ठिकाणी संपवली जाते. प्रत्यक्षात गेजने काम करणे थांबवले नाही. काही काळ त्याने घोड्यांच्या तबेल्यात नोकरी केली. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि वाल्पाराइसो ते सँटियागो या मार्गावर अनेक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत राहिला. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी त्याच्या आयुष्याचे उपलब्ध पुरावे बारकाईने तपासले आणि असे मत मांडले, की या कामाच्या ठरलेल्या चौकटीने त्याला सावरायला मदत केली असावी. गाडी हाकणे सोपे नव्हते. घोडे, प्रवासी आणि रस्ता यांचे भान ठेवावे लागे. परंतु निघण्याची वेळ, मार्ग आणि कामांचा क्रम रोज तोच असे. पुढे काय करायचे हे दरवेळी स्वतः ठरवावे लागत नसे. पुरावे तुटपुंजे असल्याने हा निष्कर्ष अनुमानाचाच राहतो. तरी एक गोष्ट स्वच्छ आहे: ज्या माणसाला त्याच्या कंत्राटदारांनी परत घेतले नाही, त्याने दुसऱ्या प्रकारच्या कामात वर्षानुवर्षे स्वतःचे पोट भरले.

१८६० मध्ये त्याला फेफरे येऊ लागले. त्यानंतर तो एका जागी टिकेना, प्रत्येक ठिकाणी त्याला काही ना काही खटकू लागले, असे हार्लो यांच्या टिपणातून दिसते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा मृत्यू झाला. अपघाताला तेव्हा अकरा वर्षे उलटून गेली होती. तीव्र किंवा कवटी भेदणाऱ्या इजेनंतर फिट्स इतक्या उशिराही सुरू होऊ शकतात, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. वाहनचालक, यंत्रचालक किंवा उंचावर काम करणाऱ्या माणसाची स्थिर झालेली नोकरी त्या एका कारणाने पुन्हा डळमळू शकते.

आकडे काय सांगतात?

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. अपघातापूर्वी नोकरीत असलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक मेंदूच्या इजेनंतर एका वर्षाने काम करत होते, आणि दोन वर्षांनीही प्रमाण जवळपास तेवढेच होते. प्रमाण वाढले नाही, ही यातली विचार करण्याजोगी बाब. काही जण दुसऱ्या वर्षी कामावर परतत असणार आणि परतलेल्यांपैकी काही जण बाहेर पडत असणार, असा त्याचा एक संभाव्य अर्थ निघतो. यातल्या बऱ्याच अभ्यासांत रुग्णालयात किंवा पुनर्वसन केंद्रात दाखल झालेले रुग्ण होते, त्यामुळे हा आकडा डोक्याला मार लागलेल्या सर्वांना लावता येत नाही. सौम्य इजेत चित्र बरेच बरे असते. अमेरिकेतील मोठ्या अपघात-उपचार केंद्रांत आलेल्या सौम्य इजेच्या, आधी नोकरी करत असलेल्या रुग्णांपैकी एका वर्षानंतर सुमारे १७ टक्के जण काम करत नव्हते. सहापैकी एक म्हणजे थोडे नव्हे.

‘कोणत्याही अपघातानंतर असेच होते’

हा आक्षेप रास्त आहे. पाय मोडलेला कामगारही रजेवर असतो, त्यालाही वेदना आणि काळजी असते. म्हणूनच चांगल्या अभ्यासांत तुलनेसाठी असे रुग्ण घेतले जातात, ज्यांना अपघातात हाडांची वगैरे इजा झाली पण डोक्याला मार लागला नाही. अमेरिकेतल्या त्याच केंद्रांमधून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वर्षभरानंतर दैनंदिन जीवनात अडचणी असल्याचे सौम्य मेंदू-इजा झालेल्या ५३ टक्के लोकांनी सांगितले, तर फक्त हाडांची इजा झालेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. अपघाताचा स्वतःचा वाटा आहेच आणि तो मोठा आहे. त्यावर मेंदूच्या इजेचा वाटा वेगळा उरतो.

‘पण तपासण्या तर चांगल्या आल्या’

स्कॅनबद्दल वर सांगितलेच. उरतात त्या कागद-पेन्सिलवरच्या किंवा संगणकावरच्या चाचण्या, ज्यांत स्मरणशक्ती, वेग, लक्ष अशा गोष्टी मोजल्या जातात. त्या उपयुक्त असतात, पण त्या कशा परिस्थितीत घेतल्या जातात ते पाहावे: शांत खोली, समोर एकच परीक्षक, एका वेळी एक प्रश्न, कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे हे सांगणारे कोणीतरी. म्हणजे कामाच्या ठिकाणी मेंदूला जे स्वतः करावे लागते, त्यातले बरेचसे इथे परीक्षकच करून देतो.

लंडनमध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये हा मुद्दा फार नेमकेपणाने दाखवला. त्यांच्या तीन रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली होती, तरी बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत ते चांगले गुण मिळवत. त्यांना एका बाजारपेठेत पाठवून काही साध्या गोष्टी करायला सांगितल्या गेल्या: ठरलेल्या वस्तू विकत घेणे, थोडी माहिती मिळवणे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी असणे, आणि हे करताना काही नियम पाळणे. प्रत्येक काम लहान मुलालाही जमेल असे होते. तरी ते सारे एकत्र पार पाडताना हे रुग्ण निरोगी लोकांच्या तुलनेत खूप चुकले. नियम मोडले गेले, कामे अर्धवट राहिली. नोकरीला किती योग्य आहे हे ठरवायचे असेल, तर खोलीतल्या चाचणीबरोबर प्रत्यक्ष कामाच्या जागी काही दिवस केलेले निरीक्षणही हवे, अशी मागणी या क्षेत्रातले लोक करतात ती उगाच नाही.

‘भरपाईसाठी नाटक कशावरून नसेल?’

काही वेळा असते. ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि तज्ज्ञही ते नाकारत नाहीत. खरोखर गंभीर इजा असलेली व्यक्तीही ज्या सोप्या चाचण्यांत सहसा चांगले गुण मिळवते, अशा चाचण्या मुद्दाम मूल्यमापनात घातलेल्या असतात. त्यांत संशयास्पद कमी गुण आले, तर प्रयत्न पूर्ण झाला नसावा अशी शंका घेता येते. म्हणजे संशयाचे उत्तर शोधण्याचे रीतसर मार्ग आहेत. वरिष्ठांच्या अंदाजावर ते सोडण्याची गरज नाही. कामगार सकाळी ठीक असतो आणि दुपारी नसतो, एक दिवस जमते आणि दुसऱ्या दिवशी जमत नाही, हे ढोंगाचे लक्षण समजले जाते. वस्तुतः असा चढउतार हे या इजेचे अगदी नेहमीचे लक्षण आहे. आणि उलट बाजूही आहे: नोकरी जाईल या भीतीने लक्षणे लपवून कामावर येणारे कमी नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल तक्रार कोणी करत नाही.

मग पूर्ण बरे होईपर्यंत घरीच थांबावे का?

सौम्य इजेत नाही. पूर्वी अंधाऱ्या खोलीत दीर्घ विश्रांतीचा सल्ला दिला जाई. आता पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (म्हणजे पूर्ण पडून न राहता श्रम कमी ठेवणे) आणि नंतर लक्षणे फार वाढणार नाहीत अशा बेताने हळूहळू हालचाल व काम वाढवणे, ही दिशा मान्य झाली आहे. तीव्र इजेत वेळापत्रक अर्थातच वेगळे असते आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. फार लवकर, पूर्ण वेळ आणि पूर्ण जबाबदारीसह परतणे मात्र धोक्याचे. पहिल्याच प्रयत्नात आलेले अपयश माणसाचा आत्मविश्वास आणि मालकाचा विश्वास दोन्ही घालवते, आणि दुसरी संधी पहिलीपेक्षा कठीण होऊन बसते.

नोकरी टिकते ती कशाने?

अमेरिकेतील व्हर्जिनियात पॉल वेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तीव्र इजा झालेल्यांसाठी एक पद्धत वापरली, जिला साहाय्यित रोजगार म्हणतात. नेहमीची रीत अशी, की आधी केंद्रात प्रशिक्षण द्यायचे आणि तयार झाला की नोकरी शोधायची. इथे क्रम उलटा होता: आधी प्रत्यक्ष नोकरीत बसवायचे आणि प्रशिक्षक कामाच्या जागीच सोबत द्यायचा. मेंदूच्या इजेत हे अधिक सयुक्तिक ठरते, कारण एका ठिकाणी शिकलेली युक्ती दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरली जाईलच असे नसते. प्रशिक्षक सुरुवातीला बराच वेळ सोबत असतो, कामाचे टप्पे पाडून देतो, सहकाऱ्यांशी बोलतो आणि मग हळूहळू मागे सरतो. पण पूर्णपणे निघून जात नाही.

असा प्रशिक्षक सर्वांना मिळत नाही. तरी त्याच्या कामातला बराचसा भाग साधा असतो. सुरुवातीला तीन-चार तासांचे काम आणि दर काही आठवड्यांनी आढावा घेऊन वाढ. अवघड काम सकाळी. सूचना तोंडी देण्याऐवजी लेखी. एका वेळी एक काम आणि ते संपेपर्यंत मध्ये न बोलावणे. गोंगाटापासून दूरची जागा. दिवसाचा ठरलेला क्रम, आणि तो बदलणार असेल तर आगाऊ कल्पना. चूक झाली तर ती त्याच वेळी, एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगणे. आडून सुचवलेले अशा व्यक्तीपर्यंत अनेकदा पोहोचतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या २७ व्या कलमात कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि तो नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांनाही लागू आहे. रॅम्प किंवा रुंद दरवाजा जसा फेरबदल आहे, तसाच लेखी सूचना आणि ठरलेले वेळापत्रक हाही आहे. दिसत नाही इतकेच.

सर्वच नोकऱ्या अशा रीतीने वाचवता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सतत बदलत्या परिस्थितीत क्षणात निर्णय घ्यावा लागतो आणि चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते, अशा कामांत परतणे काहींना शक्य नसते. तिथे त्याच संस्थेत निराळे काम मिळणे हा पुढचा चांगला पर्याय ठरतो, कारण माणसे, इमारत आणि रीतिरिवाज ओळखीचे राहतात आणि मेंदूवरचा तेवढा भार वाचतो.

भरपाईचा हिशेब का जमत नाही?

कामगार-भरपाईच्या अनेक पद्धती एका तक्त्यावर चालतात: अमुक बोट गेले तर इतके टक्के अपंगत्व, डोळा गेला तर इतके. हात किंवा डोळा यांच्या बाबतीत हे ढोबळपणे चालून जाते. मेंदूच्या इजेत तीच इजा एकाला जेमतेम जाणवते आणि दुसऱ्याचे उत्पन्न संपवते, कारण दोघांची कामे वेगळी असतात. चाळीस माणसांची पाळी सांभाळणारा पर्यवेक्षक आणि एकाच यंत्रावर एकच क्रिया करणारा कामगार यांचा थकवा टक्क्यांत सारखा मोजला, तर दोघांपैकी एकावर अन्याय होतोच.

वेळेची अडचण वेगळी. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो आणि त्यानंतर तो मंदावत दोन वर्षांपर्यंत, क्वचित पुढेही, चालू राहतो. दावा तिसऱ्या महिन्यात अंतिम केला, तर नोकरी टिकते की नाही हे तोवर कोणालाच कळलेले नसते. शिवाय बहुतेकांची नोकरी ज्या क्षणी जाते तो क्षण वैद्यकीय नोंदीत येतच नाही. पाळी बदलते, नवी संगणकप्रणाली येते, किंवा समजून घेणारा वरिष्ठ बदलून जातो आणि नव्या वरिष्ठाला जुन्या अपघाताची काहीच माहिती नसते. त्यामुळे कामाच्या वेळा, सूचनांची पद्धत आणि आढाव्याच्या तारखा यांविषयी जे काही ठरले असेल, ते कामगाराच्या संमतीने लेखी असावे, त्याची एक प्रत कामगाराकडे असावी, आणि वरिष्ठ बदलताना ती नव्या माणसाच्या हाती पडावी. उशिरा येणारी लक्षणे किंवा उशिरा जाणारी नोकरी यासाठी दावा पुन्हा उघडता येतो का, किती मुदतीत, हे अंतिम कागदावर सही करण्याआधी विचारून घ्यावे.